पोरांचा रेडिओ

विद्यापीठांचे इतिहास बहुधा शतकमहोत्सवाच्या सुमारास लिहिले जातात आणि ते काम एखाद्या निवृत्त कुलसचिवाच्या नाही तर इतिहासाच्या प्राध्यापकाच्या गळ्यात पडते. त्यांत कोनशिला असतात, देणगीदारांच्या तसबिरी असतात, पदवीदानाच्या मिरवणुका असतात. विद्यार्थी येतात ते आकड्यांच्या रूपाने. अमुक साली इतके दाखल झाले, त्यांतले इतके पार पडले! रात्री अकरानंतर वसतिगृहात काय चालत असे, कोणत्या वर्षी मुले कशावरून बिथरली, खानावळीच्या आमटीवरून केवढे रामायण झाले, यांतले काही त्या जाडजूड ग्रंथांत सापडावयाचे नाही. ते पाहावयाचे तर मुलांनी स्वतः काढलेली वृत्तपत्रे चाळली पाहिजेत. आणि गेल्या शंभर वर्षांतले ते ऐकावयाचे असेल, तर मुलांनी स्वतः चालविलेल्या रेडिओला कान लावला पाहिजे.

मला हा नाद इंटरनेटमुळे लागला. इतिहास शिकविण्यात हयात गेलेल्या माणसाला पहाटे जाग येते, आणि घरातली मंडळी झोपलेली असताना कुणाला त्रास न देता करण्यासारखी कामे फार थोडी असतात. मी कानाला यंत्र लावतो आणि अमेरिकेतल्या कुठल्या तरी कॉलेजातील विशीतल्या मुलामुलींची बडबड ऐकतो. आपल्याकडे पहाट असते तेव्हा तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. मुले अडखळतात, नावे चुकीची उच्चारतात, मध्येच ध्वनिमुद्रिका अडकते आणि दहा-पंधरा सेकंद सगळी शांतता. व्यावसायिक रेडिओवर एवढी शांतता पसरली तर कोणाची तरी नोकरी जाईल. इथे एक मुलगी हसून "माफ करा" म्हणते आणि पुढे चालू लागते. त्या हसण्याची मला चटक लागली. मग हा प्रकार केव्हा सुरू झाला, कोणी केला, याचा शोध घेणे आलेच. त्या शोधात जे हाती लागले त्यातले काही वाचकांपुढे ठेवतो.

वृत्तपत्रांची गोष्ट लवकर आटोपते, कारण ती जुनी आणि बरीचशी सर्वश्रुत आहे. हार्वर्डचे 'क्रिमझन' १८७३ साली निघाले, कोलंबियाचे 'स्पेक्टेटर' १८७७ साली, येलचे दैनिक १८७८ साली. फ्रँकलिन रूझवेल्ट विद्यार्थिदशेत 'क्रिमझन'चे प्रमुख होते. पुढे चार वेळा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलेला हा गृहस्थ कॉलेजात असताना वृत्तपत्राची जुळणी पाहत असे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. 'स्पेक्टेटर'चे जुने अंक आता घरबसल्या वाचता येतात, आणि त्यांत तासन्‌ तास हरवून जाता येते. परंतु छापील पत्राला कागद लागतो, शाई लागते, छापखान्याचे बिल चुकते करावे लागते. आवाजाला त्यातले काही लागत नाही असे निदान मुलांना वाटले, आणि इथून आपली खरी गोष्ट सुरू होते.

न्यूयॉर्क राज्यात स्केनेक्टडी नावाचे गाव आहे. तेथील युनियन कॉलेजच्या मुलांनी १४ ऑक्टोबर १९२० रोजी आपल्या बिनतारी यंत्रावरून गाणी वाजवून दाखविली. अशा 'पहिल्या'चा मान अनेकजण सांगतात आणि त्या भांडणात मला पडावयाचे नाही. मला त्यांची दुसरी करामत अधिक आवडते. पुढच्या वर्षी या पठ्ठ्यांनी एक रेडिओ तान्ह्या मुलाच्या बाबागाडीत बसविला आणि ती गाडी गावातल्या रस्त्यांतून ढकलीत नेली. गाडीतून रडण्याऐवजी गाणे ऐकू येताना पाहून गावकऱ्यांची काय अवस्था झाली असेल ती कल्पनेनेच जाणावी. या मंडळाचा म्होरक्या वेंडेल किंग हा कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. १९२०च्या अमेरिकेत ही गोष्ट साधी नव्हती.

पण युनियन कॉलेजची मुले हवेत आवाज सोडीत होती. लवकरच सरकारने लहरींची वाटणी सुरू केली, मोठमोठ्या कंपन्या उतरल्या आणि पोरासोरांना हवेत जागा उरली नाही. मग एक नामी युक्ती निघाली. १९३६ सालची गोष्ट. प्रॉव्हिडन्स शहरातील ब्राऊन विद्यापीठात जॉर्ज अब्राहम आणि डेव्हिड बोर्स्ट हे दोन विद्यार्थी होते. त्यांनी आपल्या खोलीतून मित्रांच्या खोल्यांपर्यंत तारा ओढल्या, आणि त्या तारांवरून गाणी, गप्पा, विद्यापीठातल्या बातम्या पाठविण्यास सुरुवात केली. या उद्योगाला त्यांनी 'ब्राऊन नेटवर्क' असे भारदस्त नाव दिले. तारा खिडक्यांतून, छपरांवरून, जमिनीखालच्या वाफेच्या नळांच्या बोगद्यांतून गेल्या. बोगद्यातून तार ओढीत नेणारा कॉलेजकुमार डोळ्यांपुढे आणा! आपल्याकडे गणेशोत्सवात एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर रोषणाईच्या माळा नेणारी मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे दृश्य परके वाटावयाचे नाही.

यातूनच पुढे एक पद्धत रूढ झाली. तिचे तत्त्व मोठे मजेदार आहे. रेडिओचा अगदी क्षीण संकेत इमारतीच्या विजेच्या तारांतच सोडून द्यावयाचा. दिव्याला वीज नेणारी तार मग गाणेही नेऊ लागते. ते गाणे भिंतीपासून काही हातांवर विरून जाते. म्हणून वसतिगृहातल्या रेडिओवर ते स्वच्छ ऐकू येते आणि समोरच्या रस्त्यावर मात्र काहीच नाही. आवाज आवाराबाहेर जात नाही म्हणून सरकारी परवान्याची गरज नाही. एका इमारतीची नभोवाणी! वाड्यातल्या नळावर वाड्यापुरत्या बातम्या कळाव्यात, तसाच हा प्रकार. १९४० साली अब्राहम आणि बोर्स्ट यांनी अशा केंद्रांचा आंतरमहाविद्यालयीन संघ स्थापन केला. त्याच वर्षी हार्वर्डच्या 'क्रिमझन' पत्राने आपला रेडिओ काढला आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात असेच केंद्र सुरू झाले. त्या कोलंबियाकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

ही मुले वसतिगृहात नाचाची गाणी वाजवीत होती, त्याच सुमारास आपल्या मुंबईत एक मुलगी याहून फार वेगळ्या कारणासाठी ध्वनिक्षेपकासमोर बसली होती. उषा मेहता हे नाव वाचकांना नवे नाही. विल्सन कॉलेजची ही पदवीधर. कायद्याचे शिक्षण घेत असताना १९४२चा ऑगस्ट उजाडला आणि तिने शिक्षण सोडले. वय वर्षे बावीस. गवालिया टाकीच्या सभेनंतर पुढारी तुरुंगात गेले, वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधल्या गेल्या आणि देशात काय चालले आहे हे देशालाच कळेनासे झाले. तेव्हा उषाबेन, विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी आदी तरुण मंडळींनी २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. यंत्रसामग्रीच्या बाबतीत 'शिकागो रेडिओ'च्या नानक मोटवानींचे साहाय्य झाले. राममनोहर लोहियांसारखे भूमिगत नेते पाठीशी उभे राहिले. पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढीत शहरभर हिंडत, म्हणून मंडळी बिऱ्हाड पाठीवर घेऊन एका जागेतून दुसऱ्या जागेत यंत्र हलवीत. चौपाटीच्या बाजूला सुरुवात झाली आणि शेवट महालक्ष्मीच्या देवळाजवळच्या एका बंगल्यात झाला.

याला विद्यार्थ्यांचा रेडिओ म्हणावे का, असा आक्षेप कोणी घेईल. कॉलेजचे आवार नाही, कॉलेजचे नाव नाही, हे खरे. पण काम कोणते होते ते पाहा. चितगाववरील बाँबहल्ल्याची बातमी, जमशेदपूरचा संप, आणि आपल्या विदर्भातील आष्टी व चिमूर येथील अत्याचारांची हकीकत या रेडिओने लोकांपर्यंत पोचविली. ती छापण्याची छाती वर्तमानपत्रांना होत नव्हती, असे उषाबेन पुढे सांगत असत. चिमूरच्या बायाबापड्यांवर काय गुदरले ते मुंबईतल्या एका खोलीतून बावीस वर्षांच्या मुलीने देशाला ऐकविले. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी छापा घातला तेव्हाही कार्यक्रम चालूच होता. फितुरी त्यांच्याच एका तंत्रज्ञाने केली. उषाबेनना महिनोन्‌ महिने चौकशीसाठी ठेवले, त्यांनी तोंड उघडले नाही. चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्या येरवड्याला गेल्या. सुटल्यावर त्या पुन्हा अभ्यासाकडे वळल्या, मुंबईत अध्यापन करीत राहिल्या, १९९८ साली पद्मविभूषण झाल्या आणि २००० साली वारल्या. अवघे अडीच महिने चाललेले हे केंद्र. जगातल्या कॉलेजी रेडिओंच्या इतिहासांत त्याचा उल्लेख आढळत नाही. माझ्या मते पहिल्या प्रकरणातच तो असावयास हवा.

आता कोलंबिया. या विद्यापीठाशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. १९१३च्या जुलैत भीमराव आंबेडकर तेथे दाखल झाले आणि तीन वर्षे त्यांनी तेथील ग्रंथालयाचा अक्षरशः फडशा पाडला. ज्या तत्त्वज्ञान विभागाच्या इमारतीत जॉन ड्यूई शिकवीत, त्याच इमारतीच्या तळघरात एडविन आर्मस्ट्राँग नावाचा तरुण अभियंता बिनतारीचे प्रयोग करीत असे. तोही १९१३चाच पदवीधर. पायऱ्यांवर या दोघांची कधी नजरानजर झाली असेल काय? पुरावा काही नाही, पण एकाच दारातून एक जण भारताची राज्यघटना घेऊन आणि दुसरा खरखर नसलेला रेडिओ घेऊन बाहेर पडला, या कल्पनेने मी कित्येकदा सुखावलो आहे. आपण ज्याला एफ. एम. म्हणतो त्याचा जनक हा आर्मस्ट्राँग. १९३३ साली त्याला त्याची एकस्वे मिळाली. पुढे बड्या कंपन्यांशी कज्जेदलालीत त्याचे आयुष्य पोखरून निघाले आणि १९५४च्या जानेवारीअखेर त्याने आपल्या घराच्या खिडकीतून उडी टाकून जीव दिला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५६ साली, त्याच्याच विद्यापीठातील मुलांच्या केंद्राला एफ. एम.चा परवाना मिळाला. केंद्राचे नाव डब्ल्यू-के-सी-आर. त्यातील मधली अक्षरे 'किंग्ज क्राऊन'ची, म्हणजे राजमुकुटाची. कारण इंग्रजी अमदानीत त्या विद्यापीठाचे नावच किंग्ज कॉलेज होते. वसतिगृहाच्या भिंतींत कोंडलेला आवाज आता न्यूयॉर्कसारख्या महानगरभर घुमू लागला.

या आवाजाची पहिली मोठी कसोटी लागली ती १९६८च्या एप्रिलात. विद्यापीठ शेजारच्या मॉर्निंगसाइड बागेत व्यायामशाळा बांधू पाहत होते. ती जागा हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीला लागून, आणि वस्तीच्या लोकांना त्या वास्तूत मिळणारा वाटा नाममात्र. दुसरे म्हणजे युद्धखात्यासाठी संशोधन करणाऱ्या एका संस्थेशी विद्यापीठाचा संबंध होता आणि व्हिएटनामचे युद्ध तर ऐन भरात होते. २३ एप्रिलला मुलांनी हॅमिल्टन हॉल ताब्यात घेतला. एक अधिष्ठाता रात्रभर त्यांच्या कार्यालयातच अडकून पडले! पाहता पाहता पाच इमारती मुलांच्या हाती गेल्या. आठवडाभर हा पेच चालला आणि ३० एप्रिलच्या मध्यरात्रीनंतर पोलीस आत शिरले. सातशेहून अधिक माणसे पकडली गेली, कित्येकांची डोकी फुटली.

त्या आठवड्यात डब्ल्यू-के-सी-आरच्या मुलांनी नेहमीचे कार्यक्रम बाजूला ठेवले आणि बातम्याच बातम्या दिल्या. वार्ताहर विद्यार्थी, निवेदक विद्यार्थी. ज्यांच्याविषयी बातमी द्यावयाची ते वर्गमित्र आणि ज्यांच्यावर बातमी शेकणार ते आपले परीक्षक! या कचाट्यात सापडूनही बातमी सरळ कशी द्यावयाची, याचे शिक्षण त्यांना कोणी दिलेले नव्हते. एका इमारतीत बसलेल्या मुलांना दुसऱ्या इमारतीत काय चालले आहे ते या रेडिओवरून कळे. आणि घाबरलेल्या प्राध्यापकांनाही दुसरे साधन नव्हते. त्या दिवसांत निवेदनाची धुरा वाहणाऱ्यांत रॉबर्ट सीगल नावाचा शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी होता. हाच पुढे अमेरिकेच्या सार्वजनिक नभोवाणीवरचा घरोघरी ओळखीचा आवाज झाला आणि २०१८ साली निवृत्त झाला. एका आठवड्याची ती उमेदवारी त्याला जन्मभर पुरली असे म्हणण्यास हरकत नाही.

मुलांच्या रेडिओवर रोज काही क्रांती होत नसते, हेही सांगितले पाहिजे. नाही तर वाचकांचा गैरसमज व्हावयाचा. उरलेले दिवस डब्ल्यू-के-सी-आरने जाझ संगीताला वाहिले. फिल शाप नावाचा विद्यार्थी १९७० साली तेथे आला आणि २०२१ साली मरेपर्यंत त्याने ती जागा सोडली नाही. चार्ली पार्कर या एकाच वादकावर तो रोज सकाळी बोले. एकेका तबकडीची कुंडली मांडी. कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत, कोणाच्या मागे कोण बसून वाजवीत होता, सगळे मुखोद्गत! आपल्याकडे बालगंधर्वांच्या कोणत्या नाटकाच्या कितव्या प्रयोगाला ऑर्गनवर कोण होते हे सांगणारी माणसे असत, त्या जातीचा हा माणूस. एखाद्या मोठ्या वादकाच्या जन्मदिनी चोवीस तास त्याचेच संगीत लावण्याची प्रथाही या केंद्राने पाडली. ११ सप्टेंबर २००१ रोजी जागतिक व्यापार केंद्राचे मनोरे कोसळले तेव्हा वर असलेला या मुलांचा ध्वनिक्षेपकही त्यांबरोबर गेला. केंद्र मात्र राहिले.

हे सगळे आपल्याला पुण्या-मुंबईत बसून ऐकू येते ते कसे? त्याचेही श्रेय कॉलेजच्या मुलांनाच आहे. ७ नोव्हेंबर १९९४ हा दिवस. उत्तर कॅरोलायनातील चॅपल हिल येथील विद्यार्थी-केंद्र डब्ल्यू-एक्स-वाय-सी याने त्या दिवशी आपले चालू प्रक्षेपण इंटरनेटवर सोडले. त्यासाठी कॉर्नेल विद्यापीठात तयार झालेली, चित्रसंभाषणासाठी योजलेली एक प्रणाली वापरली. त्याच दिवशी अटलांटातील जॉर्जिया टेकच्या मुलांनीही स्वतः लिहिलेल्या प्रणालीने तोच प्रयोग केला. महिना उलटण्याच्या आत कॅन्सासचे विद्यार्थी-केंद्र त्यांना येऊन मिळाले. लक्षावधी डॉलरांच्या कंपन्या तेव्हा या वाटेला फिरकल्याही नव्हत्या. अब्राहम आणि बोर्स्ट यांनी विजेच्या तारेतून गाणे नेले, यांनी टेलिफोनच्या तारेतून नेले, एवढाच फरक. पहिले गाणे भिंतीपाशी थांबले, हे सातासमुद्रापलीकडे गेले.

आता थोडे आपल्याकडे पाहू. आपल्या देशात लहरींवर सरकारची मक्तेदारी होती आणि १८८५ सालच्या तारायंत्राच्या कायद्यावर ती उभी होती. तिला धक्का बसला तो, गमतीची गोष्ट पाहा, क्रिकेटमुळे. सामन्यांचे प्रक्षेपण कोणी करावयाचे या वादात बंगालचे क्रिकेट मंडळ आणि केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्यायालयाने निकाल दिला की आकाशातील लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. मुख्य निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे आपले मराठी. त्यानंतर सात वर्षांनी, २००२च्या डिसेंबरात, सरकारने शिक्षणसंस्थांना आपापली छोटी केंद्रे काढण्यास मुभा दिली. १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात पहिले केंद्र सुरू झाले. पुण्यात विद्यापीठाची 'विद्यावाणी' आली, मुंबई विद्यापीठाचेही केंद्र आले. २००६ साली स्वयंसेवी संस्थांनाही दार उघडले गेले. शक्तीची मर्यादा शंभर वॅटची, उंचीची मर्यादा तीस मीटरची. म्हणजे पाच-दहा किलोमीटरचा टापू. त्याविषयी माझी तक्रार नाही. वसतिगृहाच्या भिंतीपलीकडे न जाणाऱ्या रेडिओनेही केवढे काम केले ते आपण पाहिलेच.

माझी तक्रार वेगळीच आहे. या केंद्रांना बातम्या देण्याची बंदी घालण्यात आली. पुढे आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा किंवा स्थानिक बोलीत उतरवून देण्याची सवलत मिळाली, पण स्वतः बातमी मिळवून स्वतः सांगण्याची नाही. म्हणजे मुलांनी आरोग्यावर बोलावे, शेतीवर बोलावे, लोकगीते लावावीत, प्राध्यापकांच्या मुलाखती घ्याव्यात. आपल्याच आवारात काल काय घडले ते मात्र बातमी म्हणून सांगू नये. खेड्यापाड्यांतल्या बायकांनी चालविलेली केंद्रेही याच बंधनात आहेत. सरकारची भीती अगदीच निराधार आहे असे मी म्हणत नाही. अफवेने माणसे मरतात, दंगली पेटतात. पण अफवा तर हल्ली प्रत्येकाच्या खिशातल्या यंत्रात भरून वाहते आहे आणि तिला कोणताही परवाना लागत नाही. जबाबदार ठेवता येईल अशा, नाव-पत्ता असलेल्या केंद्राचे तोंड बंद आणि बिननावाच्या अफवेला मोकळे रान, हा न्याय मला उमगत नाही. बातमी देणे ही पोहण्यासारखी विद्या आहे. काठावर बसून ती येत नाही. १९४२ साली जे बावीस वर्षांच्या मुलीला जमले, ते आजच्या बावीस वर्षांच्या मुलीला जमणार नाही असे धरून चालण्याचे कारण काय?

२०२४च्या वसंतात कोलंबियाचे आवार पुन्हा पेटले. गाझातील युद्धाच्या निषेधार्थ १७ एप्रिलला मुलांनी हिरवळीवर तंबू ठोकले. दुसऱ्याच दिवशी पोलिसांना पाचारण झाले आणि शंभरावर मुले पकडली गेली. तंबू पुन्हा उभे राहिले. या आंदोलनाच्या बाजूने आणि विरुद्ध अमेरिकेत घराघरांत वाद झाले, ज्यू विद्यार्थ्यांत भीतीचे वातावरण आहे असे अनेकांनी सांगितले, तर मुलांच्या बोलण्यावर गदा आली असे दुसऱ्यांनी सांगितले. तो वाद फराळाच्या ताटाशेजारी मांडण्याचा माझा विचार नाही. मला सांगावयाचे आहे ते रेडिओविषयी. ३० एप्रिलच्या पहाटे काही आंदोलकांनी हॅमिल्टन हॉल ताब्यात घेतला. १९६८चाच हॅमिल्टन हॉल! मधल्या काळात, १९८५ साली, दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषाच्या निषेधार्थ मुलांनी याच इमारतीच्या दारावर तीन आठवडे ठाण मांडले होते. त्या दाराच्या उंबरठ्याला बोलता आले असते तर काय काय सांगितले असते!

त्या दिवशी रात्री पोलीस आत शिरले. न्यूयॉर्कला ३० एप्रिलची रात्र होती, म्हणजे आपल्याकडे १ मेची सकाळ. आमच्या गृहसंस्थेच्या अंगणात महाराष्ट्र दिनाच्या झेंडावंदनाची तयारी चालली होती, ध्वनिवर्धक तपासणारा मुलगा "हॅलो, हॅलो" करीत होता, आणि माझ्या कानात डब्ल्यू-के-सी-आरची मुले दबक्या आवाजात सांगत होती की आता त्यांना काय दिसते आहे. शब्दांत कोठेही अलंकार नव्हता. बाहेरच्या वार्ताहरांना आवारात प्रवेश नव्हता. बड्या वाहिन्यांचे कॅमेरे फाटकाबाहेर ताटकळले होते. आत होती ती ही मुले आणि 'स्पेक्टेटर'ची मुले. जे पाहिले ते सांगावयाचे, जे पाहिले नाही ते पाहिले नाही असे सांगावयाचे, ऐकीव असेल तर तसे म्हणावयाचे. धाप लागलेली स्पष्ट कळत होती. ऐकणाऱ्यांची इतकी गर्दी उसळली की केंद्राचे इंटरनेटवरील ठिकाणच त्या रात्री कोलमडले. मग काहीजणांनी सरळ जुना एफ. एम. गाठला, पण ती सोय न्यूयॉर्ककरांना, आम्हांला कोठची! मी पुन्हा पुन्हा खटपट करीत बसलो. खालून हाक आली तेव्हा कानातले यंत्र तसेच ठेवून जिना उतरलो.

बरोबर छप्पन्न वर्षांपूर्वी त्याच तारखेला, त्याच आवारात, त्याच केंद्राच्या मुलांनी हेच काम केले होते. दोनच दिवसांनी, २ मे रोजी, पुलित्झर पारितोषिकांच्या मंडळाने देशभरातील विद्यार्थी-पत्रकारांच्या कामाची जाहीर प्रशंसा केली. हे मंडळही कोलंबियातच बसते. ऑगस्टमध्ये विद्यापीठाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. मुलांनी आपापल्या परीक्षा कशाबशा आटोपल्या आणि केंद्र पुन्हा जाझकडे वळले.

अशा केंद्रांचे पुढे काय व्हावयाचे? चिन्हे मिश्र आहेत. लहरींना बाजारात भाव आला आणि काही विद्यापीठांना मुलांच्या रेडिओपेक्षा त्याची किंमत मोठी वाटू लागली. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाने मुलांचे केंद्र पंचाण्णव लाख डॉलरांना विकावयास काढले आणि २०११ साली ते हातचे गेले. मुलांनी इंटरनेटवर तळ ठोकला आणि २०१५ साली एका लहानशा, कमी शक्तीच्या लहरीवर पुन्हा हवेत आली. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातले केंद्रही २०११ सालीच लहरीवरून उतरून इंटरनेटवर गेले. आणि ज्या ब्राऊन विद्यापीठात सगळ्याचा उगम झाला, त्याच्या केंद्राने एफ. एम.ची लहर २०१७ साली विकून टाकली आणि तेही तारेवर परतले. वाफेच्या बोगद्यांतून निघालेली तार ती. आता समुद्राखालून जाते.

डब्ल्यू-के-सी-आरवर 'राग और ताल' नावाचा हिंदुस्थानी व कर्नाटक संगीताचा कार्यक्रम कित्येक वर्षे चालत आला आहे, आणि २०१२ सालापासून अधूनमधून तेथे रागसंगीताची चोवीस तासांची अखंड बैठकही झाली आहे. तिकडे रविवारची संध्याकाळ असते तेव्हा आपल्याकडे सोमवारची पहाट असते. निवेदन करणारे पोर भूपालीला 'बूपाली' म्हणते. परवा त्याने किशोरीताईंची एक तबकडी लावली आणि ती संपल्यावर बराच वेळ काही बोललेच नाही. आम्ही दोघे म्हातारा-म्हातारी चहाचे कप हातात धरून त्याच्या बोलण्याची वाट पाहत बसलो.